एकतीस नंबरच्या कॅसेटची दुसरी बाजू

कादंबरीनं स्वतःच्या कानातला एक इअरफोन काढून माझ्या हातात दिला, तेव्हा तो कोमट होता. दुसऱ्याच्या कानाची ऊब आपल्या कानात घालायची या कल्पनेनंच मला शिसारी आली. पण समोर माझीच विद्यार्थिनी, मध्ये साबुदाणा वड्याची बशी, आणि दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये आजूबाजूला दहा-बारा मराठी माणसं; मी निमूट तो कानात घातला. आधी खरखर. मग पंख्याची घरघर. मग एक पुरुष बोलायला लागला. तरुण, घाईतला, किंचित नाकातून बोलणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हो ना' लावणारा. हा कोण दीडशहाणा, असं मनात आलं. दोन-तीन वाक्यं गेल्यावर कळलं की तो मीच आहे.

"म्हणजे तुमच्यावर कुणी बळजबरी केली नाही," तो म्हणत होता, "घर उभं राहावं म्हणून तुम्ही तुमच्या मनानं पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या. हो ना?" मग काहीच नाही. नुसता पंखा. कुणीतरी स्टीलचा पेला फरशीवर ठेवला. माइकच्या अगदी जवळ एका म्हाताऱ्या बाईनं घसा खाकरला. आणि मग लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून यावा तसा एका बाईचा आवाज आला: "हं."

"सर, ही एकतीस नंबरच्या कॅसेटची दुसरी बाजू," कादंबरी म्हणाली. "परत लावू?" मी नको म्हणालो आणि काहीतरी करायचं म्हणून वड्याचा तुकडा तोंडात टाकला. तो गार झाला होता. तेल जिभेवर बसलं ते पाण्यानंही जाईना.

त्याच दिवशी सकाळी मी दोन तास व्याख्यान देऊन आलो होतो. विषय नेहमीचाच: माहिती कुठून घ्यावी आणि तिच्यावर विश्वास कधी ठेवावा. वीस वर्षं मी हे दळण दळतोय. समोर उदगीर, परभणी, धुळे अशा गावांतून आलेली मुलं. निम्मी स्पर्धा परीक्षेची, निम्मी ती परीक्षा सोडून संशोधनाकडे वळलेली. सांगणाऱ्यानं स्वतः काय पाहिलं ते विचारा, मी त्यांना सांगितलं. सांगताना त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते विचारा. आणि छापलंय म्हणून माना डोलवू नका. मुलांनी हे सगळं माना डोलवत लिहून घेतलं. एकानंही विचारलं नाही, की सर, तुमच्यावर तरी विश्वास का ठेवायचा. मला ते आवडतं. खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच मी अजून व्याख्यानं देतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी इतक्या वेळा दुसऱ्यांच्या बाबतीत वापरली आहे, की कँटीनमध्ये बसल्याबसल्या ती माझ्यावरच येऊन बसली तेव्हा मला ओळखीच्या माणसाला बघून वाटावं तसं वाटलं.

कारण ते वाक्य म्हणजे मी. मराठी सैनिकांच्या बायकांवर मी जे पुस्तक लिहिलं, ज्याच्यावर मला नोकरी मिळाली, नाव मिळालं, परदेशवारी झाली, त्या पुस्तकातलं लोकांना पाठ असलेलं एकच वाक्य आहे. 'माझ्यावर कुणी बळजबरी केली नाही. घर उभं राहावं म्हणून मी माझ्या मनानं पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या.' खाली तळटीप: कौशल्याबाई, वय बेचाळीस, प्रत्यक्ष मुलाखत, दिल्ली कँटोन्मेंट, एकोणीसशे त्र्याण्णव. एकाहत्तरच्या लढाईत नवरा हणमंत गेला, वर्षाच्या आत दिराशी, संपतरावांशी पाट लागला, आणि बाई म्हणते माझ्या मनानं. केवढं ते सामर्थ्य! महिला दिनाला ते फलकांवर लागतं. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये ते चौकटीत असतं. चौदा प्रबंधांत ते आलंय. ते सगळे माझा हवाला देतात, आणि नंतरच्या लेखांत मी त्यांचा हवाला देऊन 'अनेक अभ्यासकांनी नोंदवल्याप्रमाणे' असं लिहिलेलं आहे. नवी आवृत्ती त्या शुक्रवारी छपाईला जायची होती. मुखपृष्ठावर तेच वाक्य, या वेळी सोनेरी अक्षरांत.

"हे तू अजून कुणाला ऐकवलंस?" मी विचारलं. माझा पहिला प्रश्न हा होता, हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

"कुणालाच नाही, सर. संग्रहालयानं तुमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या, त्याची यादी करायला मी जाते ना, तिथं मिळालं." ती थांबली. वड्याच्या बशीकडे बघत म्हणाली, "पण मला अ‍ॅक्चुअली दुसरंच सांगायचंय. कौशल्याआजी सध्या दिल्लीतच आहेत. त्यांचा नातू नीरज गेल्या वर्षी वारला. लेहजवळ फौजेची गाडी दरीत गेली. त्याची बायको भक्ती पंचवीस वर्षांची आहे. महिनाअखेर तिला क्वार्टर सोडायचंय, आणि त्याच्या आत तिचं दिराशी, धीरजशी, लग्न ठरवायचं म्हणून आजी-आजोबा गावाहून आलेत."

"तिला नको आहे?"

"बिल्कुल नाही. धीरजचा बारावीचा अभ्यास तिनं घेतलाय, सर. ती त्याला भाऊ मानते. तिला माहेरी जाऊन नर्सिंग पुरं करायचंय. पण ती नाही म्हणाली की आजोबा तुमचं पुस्तक काढतात. पान एकशे बारा. मोठ्यानं वाचतात. म्हणतात, बघ, तुझी आजेसासू काय म्हणालीये, दिल्लीच्या प्रोफेसरांनी लिहिलंय, छापलंय. आणि आजी नुसत्या गप्प बसतात." मग तिनं एकदम वर पाहिलं. "तुम्ही रविवारी या, सर. एवढंच सांगा, की ते वाक्य त्यांचं नाही. भक्तीनं तुमच्यासाठीच मला निरोप दिलाय."

मी 'बघू' म्हणालो. मराठी माणसाचा 'बघू' म्हणजे काय ते तिला कळलं असावं. तिनं वायर गुंडाळली, माझ्या कानातला इअरफोन ओढणीच्या टोकाला पुसला आणि पर्समध्ये टाकला.

मंडी हाउसला मेट्रोत बसलो तो घराजवळच्या वैशाली स्टेशनपर्यंत मी एकच उद्योग केला. कादंबरीची उलटतपासणी. हिला यातून काय मिळणार? हिचा प्रबंध त्याच कुटुंबांवर आहे, तीस वर्षांनी परत जाऊन. गुरू खोटा ठरला तर शिष्येचं नाव होतंच. ध्वनिमुद्रण कापून जोडलेलं नसेल कशावरून? भक्ती खरंच असं म्हणाली, की हिनंच तिच्या तोंडी घातलं? मी माझ्याच व्याख्यानातले सगळे प्रश्न एकेक करून त्या पोरीला लावत होतो, आणि अतिशय तल्लख चाललं होतं माझं डोकं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात दिवाळी होती. यमुनेवरून गाडी गेली तेव्हा बंद काचांतूनही तो सडका वास आत आला आणि शेजारच्या माणसानं नाकाला रुमाल लावला. मला वाटलं, त्याला माझाच वास आला.

पण डोकं कितीही तल्लख चाललं तरी कान ऐकेनात. कानात ती कॅसेट चालूच होती, आणि त्यातही माझं वाक्य नव्हतं. त्याच्या आधी काहीतरी होतं. माझ्या त्या प्रश्नाच्या लगेच आधी, खरखरीत बुडालेला, कौशल्याबाईंचा आवाज होता: "तवा म्या माहेराला..." आणि त्यावर माझा आवाज चढला होता, "म्हणजे तुमच्यावर कुणी..." तवा म्या माहेराला काय? गेले? गेले नाही? निरोप धाडला? पळून गेले? एक बाई एक वाक्य बोलायला निघाली होती, तिला मी बेचाळिसाव्या वर्षी वाटेत गाठलं, माझं वाक्य तिच्या डोक्यावर ठेवलं आणि परत पाठवलं. तीस वर्षांत ते अर्धं वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं. मीच लिहून काढलेल्या उताऱ्यात ते नाही. मी ते लिहिलंच नाही, कारण ते अर्धं होतं, आणि अर्ध्या वाक्याचा पुस्तकाला काय उपयोग.

ती दुपार मात्र मला नीट आठवत होती. आठवत होती असं म्हणतो, पण आता माझ्या आठवणीवर तरी किती भरवसा ठेवायचा? संपतराव तेव्हा सुभेदार होते, ड्यूटीवर गेले होते. दोन खोल्यांचं क्वार्टर. खाटेवर त्यांची आई, म्हणजे कौशल्याबाईंची सासू, पाय वर घेऊन बसलेली. मला लिंबाचं सरबत दिलं, त्यात मीठ जास्त झालं होतं. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात, पदर डोक्यावरून. मी सत्तावीस वर्षांचा, अंगात खादीचा झब्बा, आणि प्रबंधाला सहा आठवडे उरलेले. मार्गदर्शक रोज विचारायचे, या बायका काही बोलतात की नाही? बायका बोलत नव्हत्या. 'बरं हाय', 'चाललंय', 'द्येवाची मर्जी' यापलीकडे तीस कॅसेटींत काही नव्हतं. एकतिसावीची दुसरी बाजू संपायला चार मिनिटं उरली होती. मला एक वाक्य हवं होतं, बस्स. सासूसमोर सुनेनं परक्या पुरुषाला दिलेला 'हं' म्हणजे काय असतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या आईनं माझ्या आजीसमोर जन्मभर तोच 'हं' म्हटला होता. त्याचा अर्थ ऐकू आलं, चूल बघायची आहे, आता पुरे, यांपैकी काहीही असायचा. होकार मात्र क्वचितच. हे सगळं माहीत असून मी त्याला होकार केला, आणि वर अवतरणचिन्हं लावली.

घरी अलकनंदा, माझी बायको, भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, अरे, तेव्हा सगळेच असं करत होते. हे वाक्य मी मेट्रोतच तिच्यासाठी तयार करून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "यात नवीन काय आहे?"

"म्हणजे तुला म्हणायचंय की तेव्हाच्या पद्धतीच तशा..."

"बघ," ती म्हणाली. "मला काय म्हणायचंय ते तूच सांगतोयस. लग्नाला एकतीस वर्षं झाली, सुधन्वा. सुरुवातीला मी वाक्य परत पहिल्यापासून बोलायचे. मग सोडून दिलं." आणि तिनं भाजीची परात उचलली आणि आत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडलेली नव्हती.

त्यानंतर मी माळ्यावरून खोकी उतरवली. शहाण्या संशोधकासारखा दुसरा पुरावा शोधायला. त्या वेळच्या डायऱ्या त्यात होत्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या, हात लावला की बोटांना चिकट भुकटी लागायची. त्र्याण्णवच्या डायरीत त्या तारखेला माझ्याच अक्षरात तीन ओळी सापडल्या: 'कौ. बाई शांत. सासू हजर. वाक्य मिळालं.' बाकी काही नाही. वाक्य मिळालं! जणू रस्त्यात पडलं होतं. मी ते पान किती तरी वेळ बघत राहिलो. ओठांवर भुकटी बसली होती आणि मी तिथंच मोरीत जाऊन थुंकलो, पुन्हा थुंकलो, आणि तरी चव गेली नाही. विश्वासार्ह साधन म्हणजे काय हे मुलांना शिकवताना मी सांगत असे, की समकालीन खासगी नोंद सगळ्यांत मोलाची, कारण तिथं माणूस कुणाला दाखवायला लिहीत नाही. अगदी खरं आहे. सासू हजर. खोलीत कोण होतं ते मी लिहून ठेवलं होतं आणि पुस्तकातून काढून टाकलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयही मीच ठेवली नव्हती. गुरुवारी प्रकाशकांना फोन केला आणि छपाई थांबवा म्हणालो. कारण विचारलं तेव्हा 'थोड्या दुरुस्त्या आहेत' म्हणालो. थोड्या!

रविवारी कँटोन्मेंटच्या गेटवर पास घेऊन कादंबरी उभीच होती. क्वार्टरमध्ये ट्रंका बांधून भिंतीला लावलेल्या, वर नीरजचा फोटो, वर्दीतला, चंदनाचा हार घातलेला. संपतराव दारातच सामोरे आले. सत्तरी उलटलेली, पण शर्टाला कडक इस्त्री आणि पाठ ताठ. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मला कळेना की हा माणूस माझ्या येण्यानं इतका का हरखला आहे. मग कळलं. मी त्यांच्या बाजूनं बोलायला आलोय, असं त्यांना वाटलं होतं.

"या साहेब, या. आमचं नशीब!" ते म्हणाले आणि आत वळून हाक मारली, "भक्ती, चहा ठेव. ज्यांचं पुस्तक, ते स्वतः आलेत बघ. आता त्यांच्याच तोंडून ऐक." त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. तपकिरी कागदाचं कव्हर, आत खूण म्हणून घातलेली खाकी कागदाची पट्टी, एकशे बारा पानावर. माझ्या कुठल्याही पुस्तकाला माझ्या घरात इतकं जपलेलं नाही. भक्ती चहा घेऊन आली. बारीक, पंजाबी ड्रेसमधली, डोळ्यांखाली काळं. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि कप ठेवून भिंतीशी उभी राहिली. कौशल्याबाई आतल्या दारात उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, पदर तसाच डोक्यावरून. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. ओळखलं की नाही ते कळलं नाही.

मी रात्रंदिवस घोकलेली प्रस्तावना सगळी विसरलो आणि म्हणालो, "संपतराव, ते वाक्य कौशल्याबाईंचं नाही. ते मी बोललो होतो. त्या फक्त 'हं' म्हणाल्या होत्या. मी ते त्यांच्या नावावर छापलं. चूक माझी आहे."

संपतराव हसले. त्यांना वाटलं मी विनय दाखवतोय. मग हसणं थांबलं. "असं कसं, साहेब? ह्ये बघा की. नाव आहे. वय आहे. तारीख आहे. खाली बारीक अक्षरात पत्ता पण आहे. एवढं सगळं कुणी खोटं लिहील का?"

"मी लिहिलं."

"सरकारी लायब्ररीत आहे हे पुस्तक. सातारला बघितलंय मी." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "रागावू नका साहेब, पण तेव्हा तुम्ही तरुण होता, ताजं ऐकून ताजं लिहिलंत. आता वय झालं. माझं पण होतंय असं. विसरायला होतं." आणि ते इतक्या सहानुभूतीनं बोलले की मला हसूच आलं. प्रत्यक्ष पुस्तक लिहिणारा समोर बसून सांगतोय की हे खोटं आहे, आणि माझ्याच पुस्तकापुढे माझी साक्ष टिकत नव्हती. तळटिपा चोख केल्या होत्या मी. आता त्या माझं ऐकायला तयार नव्हत्या.

कादंबरीनं मग काही न बोलता फोनवर ते ध्वनिमुद्रण लावलं. खोलीत पंख्याची घरघर भरली, तीस वर्षांपूर्वीची. तवा म्या माहेराला. माझा आवाज. हो ना. पेला. आणि म्हातारीचं खाकरणं.

संपतराव खुर्चीतून अर्धे उठले. "आई," ते म्हणाले. "आईचा आवाज हाय ह्यो! बेटा, परत लाव. मघाचं, खाकरल्याचं." कादंबरीनं परत लावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई जाऊन चोवीस वर्षं झाली होती, तिचा आवाज घरात कुठंच नव्हता, आणि मी तिचं ते खाकरणं ऐकून चार रात्री झोपलो नव्हतो. त्यांनी तिसऱ्यांदा ऐकलं. मग डोळे पुसून, एकदम सुभेदाराच्या आवाजात म्हणाले, "आणि ही 'हं' म्हणाली की. ऐकलं सगळ्यांनी. आईसमोर म्हणाली. पुस्तक बरोबर आहे."

मग माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी दाराकडे वळलो. "कौशल्याबाई, तुम्ही त्या दिवशी काहीतरी सांगत होता. तवा म्या माहेराला... मी तुम्हाला मध्येच थांबवलं. काय म्हणणार होता?" बोलता बोलता माझा हात आपसूक खिशाकडे गेला, फोन काढायला, रेकॉर्ड लावायला. भक्तीनं ते पाहिलं. कौशल्याबाईंनीही पाहिलं. मी हात बाहेर काढला, पण उशीर झाला होता.

"लई वर्सांनी इचारलंसा," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. परक्या माणसाला गाडी गेली म्हणून सांगावं तितकाच कोरडा होता तो. मग त्यांनी भक्तीकडे पाहिलं. "चल आत. तुला सांगायचं हाय." आणि कादंबरीला, "पोरी, तूबी ये." मी उठायला लागलो. "तुमी बसा हितंच," त्या म्हणाल्या, आणि आतलं दार लावून घेतलं.

दार पातळ होतं. मी प्रामाणिकपणे सांगतो, मी कान लावला. खुर्चीतच, पण मान तिकडे झुकवून. नुसती कुजबुज आली. एक शब्द नाही. एकदा भक्तीच्या रडण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. संपतराव पुस्तकाच्या कव्हरची कड नखानं सारखी करत बसले होते. "कुणास ठाऊक काय सांगती," ते म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. "मला कधी काही बोलली नाही. बावन्न वर्षं झाली." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी भीती दिसली ती मला ओळखीची वाटली. आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत बसलो, त्या बाईबद्दल सगळं ठाऊक असलेली दोन माणसं. चहावर साय धरली.

अर्ध्या तासानं दार उघडलं. कौशल्याबाई बाहेर आल्या, संपतरावांच्या समोर उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर सावरून म्हणाल्या, "धीरजला फोन करा. लगीन व्हायचं न्हाई. भक्ती तिच्या माहेराला जाईल. पोचवायला म्या जाणार हाय."

"कोण म्हणतंय असं?" संपतरावांनी विचारलं.

"म्या म्हणतीया."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पुस्तक उघडलं नाही. थोड्या वेळानं फोन शोधायला खिसे चाचपू लागले. भक्ती ट्रंकेपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं एका ट्रंकेवरचा नीरजच्या नावाचा कागद नीट दाबून चिकटवला. मला कुणी थांबा म्हणालं नाही, की जा म्हणालं नाही.

बाहेर कडुलिंबाखालून आम्ही गेटकडे चालत होतो. कादंबरीचे डोळे लाल झालेले. मी पन्नास पावलं दम धरला असेन, जास्त नाही. "काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय, सर."

"मला तरी?"

"तुमचंच नाव घेऊन मागितला."

मी आणखी काही पावलं चाललो. "रेकॉर्ड केलंस?"

"नाही."

"लिहून तरी ठेव आजच्या आज. तारीख घाल. नाहीतर उद्या हे कुणी मानायचं कसं? एकच साक्षीदार, लेखी काही नाही..." मी बोलतच होतो. वर्गात बोलतो त्याच आवाजात. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं.

मग म्हणाली, "कुणी मानावं म्हणून त्यांनी सांगितलंच नाही, सर. भक्तीला कळावं म्हणून सांगितलं. तिला कळलं."

गेटवरच्या जवानानं आमचे पास परत घेतले. रिक्षा आली, कादंबरी बसली, मला मेट्रोपर्यंत सोडू का म्हणून विचारलं आणि मी नको म्हणालो. रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथं उभा होतो. एक मुलगी सुटली होती, म्हातारी पन्नास वर्षांनी बोलली होती, आणि माझ्या मनात त्यातलं काहीच नव्हतं. कादंबरीनं शब्द मोडावा, आज नाही तर उद्या, आणि ते वाक्य मला आणून द्यावं, एवढंच मला अजूनही हवं होतं.